गाडी बोलू लागणार. पण ऐकणार कोण?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतून संध्याकाळी टॉवेल-चादरींच्या गाठी भरून ट्रक निघतो. तो पुण्याकडे जाणार की हैदराबादकडे, आत माल कोणाचा आहे, चालक रात्री कोणत्या ढाब्यावर टेकणार आहे, या गोष्टी पूर्वी तिघांनाच ठाऊक असत: माल पाठविणारा, गाडीमालक आणि चालक. बिल्टी चालकाच्या खिशात आणि बाकी सारे तोंडी. आज तसे राहिलेले नाही. गाडीला जीपीएसचे यंत्र आहे, काचेवर फास्टॅग आहे, चालकाच्या खिशात मोबाईल आहे. आणि आता गाडीने शेजारच्या गाडीशी स्वतःच बोलण्याचे दिवस जवळ येत आहेत.

२०२६ च्या जानेवारीत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वाहनांनी वाहनांशी संपर्क साधण्याची यंत्रणा आपल्या देशात आणण्याचा मनोदय जाहीर केला. त्यासाठी ५.८७५ ते ५.९०५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील ३० मेगाहर्ट्झ रेडिओलहरी देण्यास दूरसंचार विभागाने तत्त्वतः मान्यता दिल्याचेही त्या वेळी सांगण्यात आले. ही बातमी वाचून आमच्या अनेक वाचकांनी पान उलटले असेल. हे महागड्या मोटारींचे लाड आहेत, आपल्या ट्रक-टेम्पोशी त्याचा काय संबंध, असेही वाटले असेल. परंतु फास्टॅगच्या वेळीही आपण असेच म्हणत होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत तो राष्ट्रीय महामार्गावर सक्तीचा झाला आणि सावळेश्वरच्या टोलनाक्यावर दुप्पट पैसे मोजताना आपल्यापैकी कित्येकांना त्याची खरी ओळख झाली. म्हणून या खेपेस वस्तू दारात येण्यापूर्वीच ती समजून घ्यावी, हे बरे.

ही यंत्रणा काय करते?

प्रत्येक गाडीत एक छोटे रेडिओयंत्र असते. ते सेकंदाला सुमारे दहा वेळा आजूबाजूच्या काहीशे मीटर परिसरात एक निरोप सोडते: मी येथे आहे, माझा वेग इतका, तोंड या दिशेला, ब्रेक दाबला आहे की नाही, माझी लांबी-रुंदी इतकी. इतर गाड्या तो निरोप ऐकतात, हिशेब करतात आणि धोका दिसला तर आपल्या चालकाला सावध करतात. मध्ये मोबाईलचा टॉवर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

याचा फायदा नाकारण्याचे कारण नाही. रात्री महामार्गाच्या कडेला पंक्चर होऊन, मागचे दिवे बंद असलेला ट्रक उभा असतो आणि मागून येणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. असे अपघात आपल्या ओळखीच्या कोणाच्या ना कोणाच्या घरी घडलेले आहेत. उभ्या ट्रकने मागच्याला दूरवरूनच "मी येथे उभा आहे" असे सांगितले, तर माणसे वाचतील. तेव्हा आम्ही या यंत्राच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे एवढेच की, गाडीला बोलते करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. बोलणारा खरा आहे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे कसे? आणि ज्याला ऐकण्याचे कारण नाही, असा कोणी बाजूला बसून सारे टिपून घेत असेल तर त्याला आवरायचे कसे?

हुंडीची सही

पहिला प्रश्न व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. हुंडी कोणीही वाचू शकतो. तिला किंमत येते ती सहीमुळे. गाडीचा निरोपही तसाच आहे. तो कुलूपबंद करता येत नाही, कारण कोणत्याही अनोळखी गाडीला तो तत्काळ समजला पाहिजे. म्हणून निरोप उघडा ठेवतात आणि त्याखाली यंत्राची गणिती सही घालतात. ती सही खरी आहे, असा दाखला एक मान्यताप्राप्त संस्था आधीच देऊन ठेवते. अमेरिका आणि युरोपातील मानके याच पद्धतीवर उभी आहेत.

सही नसेल तर काय होईल, याचे एक सोपे उदाहरण जर्मनीतील आहे. २०२० च्या सुरुवातीला बर्लिनमधील सिमोन वेकर्ट या कलाकाराने एका लहानशा हातगाडीत ९९ मोबाईल चालू करून ठेवले आणि ती हातगाडी मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. गूगलच्या नकाशावर तो रस्ता लाल झाला. नकाशाला वाटले, ९९ गाड्या कोंडीत अडकल्या आहेत. एका हातगाडीने रिकामा रस्ता बंद दाखविला! हाच प्रकार गाड्यांच्या आपसातील निरोपांत झाला, तर एकच लबाड यंत्र पन्नास भासमान गाड्या उभ्या करील. पुढे कोंडी आहे असे भासवून ट्रक आडवाटेने वळविता येईल, किंवा समोर कोणी नसताना ब्रेकचा इशारा वाजविता येईल. आडवाटेने वळविलेल्या मालगाडीचे पुढे काय होऊ शकते, हे वाहतूकदारांना आम्ही सांगावयास नको.

खरी सही, खोटा मजकूर

सहीने हा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. खऱ्या माणसानेच खोटी हुंडी लिहिली तर? यंत्र अस्सल, दाखला अस्सल, पण त्याला मिळालेले ठिकाणच खोटे, असेही होऊ शकते. गाडी आपले ठिकाण उपग्रहांच्या संकेतांवरून ठरविते. हे संकेत जमिनीपर्यंत येईतो फार क्षीण झालेले असतात आणि जवळून कोणी जोरदार नकली संकेत सोडला तर यंत्र फसते. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्ली विमानतळाच्या परिसरात काही विमानांना असे नकली संकेत मिळाले आणि सरकारनेही संसदेत ते मान्य केले. जे विमानाच्या बाबतीत घडू शकते, ते ट्रकच्या बाबतीत घडणे अवघड नाही. म्हणून चांगल्या यंत्रणेत आलेला निरोप खरा असू शकतो का, हेही तपासले जाते: दोनशे मीटर मागे असलेली गाडी अर्ध्या सेकंदात पुढे कशी गेली? जेथे कॅमेरा किंवा रडार दिसत असलेला रस्ता मोकळा सांगतो, तेथे निरोपातली गाडी आली कोठून? आणि जे यंत्र वारंवार खोटे बोलते, त्याचा दाखला रद्द करून ती खबर इतर सर्व गाड्यांपर्यंत पोहोचवावी लागते. हे काम खर्चाचे आणि सततचे आहे. यंत्र विकून मोकळे होणाऱ्याला ते जमणारे नाही.

टोपणनावाची युक्ती आणि तिची मर्यादा

आता दुसरा प्रश्न. सहीमुळे गाडी खरी ठरते. पण रोज तीच सही केली तर गाडीचा मागही लागतो. रस्त्याकडेच्या दुकानात ऐकणारे यंत्र ठेवले की, अमुक गाडी मंगळवारी रात्री दहाला गेली, गुरुवारी पहाटे परतली, अशी वही तयार होते. यावर तज्ज्ञांनी टोपणनावांचा तोडगा काढला. अमेरिकेत आखलेल्या पद्धतीत गाडीला एका आठवड्यासाठी वीस दाखले मिळतात, त्यांवर मालकाचे नाव नसते आणि काही मिनिटांनी गाडी दाखला बदलते. दाखले देणाऱ्या संस्थेचेही तुकडे पाडलेले असतात, म्हणजे एकाच कचेरीत बसून कोणालाही "हा दाखला अमुक गाडीचा" असे सांगता येऊ नये.

युक्ती चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. पुण्याच्या गर्दीत शंभर गाड्यांमध्ये एकाने नाव बदलले तर तो हरवून जातो. परंतु रात्री दोन वाजता विजापूर रस्त्यावर एकटाच धावणारा ट्रक नाव बदलतो, तेव्हा ऐकणाऱ्याला कोडे पडत नाही. त्या जागी, त्याच वेगाने, दुसरा कोण असणार? शिवाय निरोपात लांबी-रुंदी असते. मोटारींच्या घोळक्यात बारा चाकी ट्रक नाव बदलूनही लपत नाही. आणि दाखला बदलला, पण रेडिओयंत्राचा स्वतःचा क्रमांक तोच राहिला, तर सारेच फुकट.

हे केवळ तर्क नाहीत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी सुरक्षारक्षकांच्या एका गाडीवर असे यंत्र बसविले, फक्त दोन चौकांत ऐकणारी उपकरणे ठेवली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. गाडी आवाराच्या कोणत्या भागात आहे, हे त्यांना ७८ टक्के वेळा बरोबर सांगता आले. नेमका रस्ता ४० टक्के वेळा. एवढ्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. केवळ ऐकले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? कोणत्या कारखान्यातून आठवड्याला किती गाड्या सुटतात, कोणत्या पेठेत जातात, रिकाम्या कधी परततात, हे प्रतिस्पर्ध्याला कळले तर त्याला तुमचा अर्धा धंदा कळला. लुटारूला कळले तर माल धोक्यात. आणि ज्याच्या मनात वैर आहे त्याला कळले, तर माणूसही धोक्यात.

धडा आजच्या यंत्रांतून घ्या

गाड्यांचे आपसातील बोलणे यावयाचे आहे; पण कमकुवत यंत्र गाडीला लावल्याने काय होते, याचा धडा आजच उपलब्ध आहे. गाडीवर लक्ष ठेवण्यासाठी आपण स्वस्तातला जीपीएस लावतो. या बाजारातील यंत्रांविषयी २०१९ मध्ये अवास्ट या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की, एका चिनी उत्पादकाच्या सुमारे सहा लाख यंत्रांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता: १२३४५६. २०२२ मध्ये बिटसाइट या कंपनीने मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही-७२० या यंत्रातील गंभीर दोष उघड केले आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने इशारा प्रसिद्ध केला. या कंपनीची सुमारे पंधरा लाख यंत्रे १६९ देशांत असल्याचे सांगण्यात आले. त्या विशिष्ट यंत्रात दुरून इंधन बंद करण्याची सोय होती. म्हणजे मालकासाठी ठेवलेले बटण परक्याच्या हाती जाऊ शकत होते.

आम्ही शहरातील एका वायरमन मित्राच्या दुकानी बसलो असताना हा विषय काढला. तो म्हणाला, "भाईजान, यंत्र लावून द्यायला अर्धा तास लागतो. पासवर्ड बदला म्हणून सांगितलं तर मालक म्हणतो, तूच लक्षात ठेव. आता वीस-पंचवीस गाड्यांचे पासवर्ड माझ्याच मोबाईलमध्ये आहेत." तो प्रामाणिक आहे म्हणून ठीक. पण त्याचा मोबाईल हरवला तर वीस मालकांच्या गाड्या आणि त्यांचे रस्ते कोणाच्या हाती लागतील?

याहून पुढची गोष्ट अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखविली. तेथे ट्रकचालकाच्या कामाच्या तासांची नोंद करणारे यंत्र बसविणे बंधनकारक आहे. हे यंत्र ट्रकच्या अंतर्गत वायरिंगला जोडलेले असते. संशोधकांनी तपासलेल्या यंत्राचे वायफाय चालू होते आणि पासवर्ड अंदाजाने सापडण्यासारखा होता. त्यांनी शेजारून चाललेल्या मोटारीतून १४ सेकंदांत त्या ट्रकच्या यंत्रात शिरून ट्रकचा वेग उतरवून दाखविला. एका ट्रकमधून दुसऱ्या ट्रकमध्ये, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा रोगासारखा फैलाव करता येईल, हेही त्यांनी मांडले. सरकारी नियम पाळण्यासाठी लावलेले यंत्रच चोरवाट ठरले, हा त्यातला मुद्दा आहे. नियमाने यंत्र सक्तीचे केले. ते पक्के असावे, याची सक्ती मात्र ढिली राहिली.

अफवा मात्र पसरवू नये. २०२२ मध्ये एक चित्रफीत फिरली होती: गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळाने फास्टॅगमधील पैसे काढतो. ती बनावट होती. फास्टॅगचे पैसे नोंदणीकृत टोलनाक्यांनाच वळते होतात, हे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले. खऱ्या धोक्यापासून सावध राहायचे, तर खोट्या धोक्यामागे धावून चालत नाही.

नोंदी कोणाच्या कपाटात?

हवेतील निरोप ऐकून माग काढणारा एक. पण सरकारी किंवा कंपनीच्या कपाटात नोंदींची थप्पी साठवून ठेवणारा दुसरा. अनुभव सांगतो की, दुसऱ्याचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे. वाहन नोंदणीची माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण केंद्राने २०१९ च्या मार्चमध्ये आणले. ८७ खासगी कंपन्यांना ही माहिती पाहण्याची मुभा दिली गेली आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, असे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. आपण आरटीओ कचेरीत गाडी नोंदविण्यासाठी दिलेली माहिती बाजारात विकली जाईल, असे आपल्याला कोणी विचारले होते काय? २०२० मध्ये दिल्लीच्या दंगलीनंतर, गाडीच्या क्रमांकावरून मालकाचे नाव आणि त्यावरून त्याचा धर्म शोधला गेला असावा, अशी भीती जाहीरपणे व्यक्त झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते धोरण रद्द करण्यात आले. आमच्या वाचकांना यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गाडीचा क्रमांक हा नुसता क्रमांक नसतो. त्यामागे नाव असते, आणि नावामागे घर.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. कायद्यात शासनासाठी सवलती मोठ्या आहेत, हे खरे. तरी खासगी कंपनीला "माझी माहिती कशासाठी घेता" असे विचारण्याचा आधार त्यातून मिळतो. तो वापरावयास शिकले पाहिजे.

आपण काय करावे?

गाडीमालकांनी आजच करण्यासारखी कामे फार नाहीत. जीपीएसचा पासवर्ड स्वतः बदलावा आणि स्वतःपाशी ठेवावा. त्यातील सिमकार्ड आपल्याच नावावर असावे. दुरून इंजिन बंद करण्याची सोय खरोखर लागत नसेल तर ती वायर जोडूच नये. गाडी विकताना यंत्रातील जुना हिशेब पुसून नव्या मालकाच्या नावे करून द्यावा. नाहीतर विकलेली गाडी तुमच्या मोबाईलवर फिरत राहील आणि उद्या तिच्या भानगडीत तुमचे नाव येईल. यंत्र घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: माहिती कोणत्या ठिकाणी साठते, किती दिवस राहते, आणि दोष सापडला तर दुरुस्ती किती वर्षे मिळेल. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचे यंत्र स्वस्त असले तरी महाग आहे.

वायरमन आणि मिस्त्री बांधवांसाठी हे नव्या कामाचे दार आहे. गिऱ्हाइकाचा पासवर्ड म्हणजे त्याने आपल्या हाती दिलेली अमानत आहे. तो गिऱ्हाइकासमोरच बदलून द्यावा, आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नये. असे काम करणाऱ्याचे नाव बाजारात आपोआप होते आणि उद्या ही नवी रेडिओयंत्रे आली की, कंपन्यांनाही असेच हात लागतील.

वाहतूकदारांच्या संघटनांचे काम याहून मोठे आहे. मोटार वाहन नियमांत बदल करताना केंद्र आधी मसुदा प्रसिद्ध करते आणि हरकती-सूचना मागविते. बहुधा त्या मोठ्या कारखानदारांकडून जातात. एक-दोन ट्रकवाल्यांचा आवाज तेथे पोहोचत नाही. गाड्यांच्या बोलण्याचा मसुदा येईल तेव्हा सोलापुरातूनही साधे अर्ज गेले पाहिजेत. टोपणनावांची पद्धत पहिल्या दिवसापासून असावी. गाडीचे निरोप अपघात टाळण्यापुरते वापरावेत, त्यांची वही कोणी साठवू नये. न्यायालयाच्या आदेशाशिवाय टोपणनावामागचा मालक शोधता येऊ नये. आणि यंत्राची किंमत व दाखल्यांचा खर्च लहान मालकाच्या डोक्यावर बसू नये, कारण परवडले नाही की तो कमी दर्जाचे यंत्र शोधतो आणि धोका तेथूनच शिरतो.

अमेरिकेत नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव २०१६ च्या डिसेंबरात मांडला गेला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. एवढ्या वर्षांत तेथे सही, टोपणनावे, दाखले यांवर भरपूर विचार झाला. आपल्याला तो आयता मिळाला आहे. घाईने यंत्र लावून मग कुलूप शोधण्याऐवजी कुलपासकट यंत्र मागण्याची संधी आपल्याकडे आहे.

सोलापूरचा ट्रक उद्या बोलू लागेल. त्याने मागच्या गाडीला "सांभाळून ये" असे जरूर सांगावे. परंतु तो कोणाचा माल घेऊन कोणाच्या दारी चालला आहे, हे चव्हाट्यावर ओरडत जाऊ नये, एवढी तजवीज आपण आधीच करून घेतली पाहिजे.